पटावर 28, शिकवायला एक

प्रश्न : बाई, आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं, जंगलाच्या कडेला. पहिली ते पाचवीची सरकारी मराठी शाळा आहे आणि मी एसडीएमसीचा (शाळेच्या पालक समितीचा) अध्यक्ष आहे. पट 28. दोन शिक्षक होते, त्यातल्या एका गुरुजींना डेप्युटेशनवर दुसरीकडं पाठवलं. आता पाचही वर्ग एकट्या बाई सांभाळतात. इंग्रजी शाळेची व्हॅन देवळापर्यंत येते, जूनला आणखी चार-पाच पोरं तिकडं जातील. शाळा बंद होणार अशी कुजबुज आहे. अनुदान आणून रंगरंगोटी केली, घसरगुंडी-झोपाळे बसवले तर पोरं थांबतील का? पैसे कुठनं मिळतील?

उत्तर : दादा, रंगाचं नंतर बघू. आधी तुमचा दुसरा शिक्षक परत आणा.

मी जंगलभागातल्या शाळेत एकटीनं वर्ग सांभाळलेत, म्हणून सांगते. सकाळी दुधाची पावडर कालवून होईपर्यंत पहिलीची पोरं पाट्या घेऊन दारात उभी. त्यांना 'ग म भ न' गिरवायला बसवावं तर पाचवीवाले भागाकार अडलाय म्हणून हाका मारतात. तेवढ्यात फोन येतो, एसएटीएसवर (मुलांच्या नोंदीच्या सरकारी संगणक प्रणालीवर) आजची माहिती भरा. रेंज कुठं? रस्त्याच्या वळणावर. बाई वळणावर गेल्या की पाचही वर्ग मोकळे. आईबाप हे बघत असतात. व्हॅन येते म्हणून पोरं जातात असं आपण म्हणतो, पण आधी शाळेत शिकवणारं माणूस कमी होतं आणि मग व्हॅन देवळापर्यंत येते. भिंतीवर कितीही चांगला हत्ती रंगवला तरी आई विचारणार, माझ्या पोराला वाचता कधी येणार?

आता तुमच्या हातात काय आहे ते नीट समजून घ्या. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय : पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 पर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक. तुमचे 28 असोत नाहीतर 12, दोन म्हणजे दोनच. पट घसरला म्हणून दुसरा शिक्षक गेला असं कुणी सांगत असेल तर परिशिष्टाची प्रत पुढं ठेवा. डेप्युटेशनचा घोळ असा की गुरुजी कागदावर तुमच्याच शाळेत राहतात. जागा रिकामी दिसत नाही, त्यामुळं अतिथी शिक्षक मागायला गेलात की 'तुमच्याकडं दोघं आहेत की' असं उत्तर मिळतं. म्हणून ठरावात दोन गोष्टी मागा. डेप्युटेशन रद्द करा, आणि ते होईपर्यंत अतिथी शिक्षक द्या.

ठराव एसडीएमसीच्या सभेतच करा, चहाच्या टपरीवर सह्या गोळा करू नका. कायद्यानं समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका लागतात, त्या बायकांना खरोखर बोलवा. तारीख, वर्गवार पट, शिक्षक कधीपासून नाहीत, सगळं लिहा. एक प्रत मराठीत ठेवा आणि बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला द्यायची कन्नडमध्ये करून घ्या, म्हणजे भाषेच्या कारणानं कागद बाजूला पडणार नाही. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय ऑफिस सोडू नका. दुसरी प्रत बेळगावला डीडीपीआय (शिक्षण खात्याचे जिल्ह्याचे उपसंचालक) ऑफिसात द्या. (निपाणी-चिकोडीकडच्या वाचकांनी चिकोडीच्या डीडीपीआयकडं जायचं, आपल्या एका जिल्ह्यात शैक्षणिक जिल्हे दोन आहेत.)

पटाचा संबंध पैशाशी कुठं येतो तेही बघा, कारण तुम्ही अगदी काठावर उभे आहात. समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेतलं शाळा अनुदान पटावर ठरतं. 30 पर्यंत मुलं असतील तर वर्षाला 10,000 रुपये, 31 ते 100 असतील तर 25,000. म्हणजे आणखी तीन मुलं आली तर रक्कम अडीच पट. माध्यान्ह आहाराचा केंद्राचा निकष असा की 25 मुलांपर्यंत स्वयंपाकाला एक बाई आणि 26 पासून 100 पर्यंत दोन. तुमची चार-पाच पोरं व्हॅननं गेली की पट 25 च्या खाली येणार आणि एका बाईचं काम जाणार. हे समितीतल्या प्रत्येकाला सांगा. पोरगं काढून नेताना बापाला हे माहीत नसतं, आणि स्वयंपाकाची बाई बऱ्याचदा त्याच्याच भावकीतली असते.

ते 10,000 पुरतात का? नाही पुरत. लाईट बिल, खडू, हजेऱ्या, फिनेल यातच निम्मे जातात आणि दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्चायचाच असतो. आपल्याकडं कौलांवर वानरांचा त्रास. मे महिन्यात शाकारणी केली नाही तर जूनच्या पहिल्याच झोडपणीत तिसरीच्या वर्गात बादल्या मांडाव्या लागतात आणि पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे भिजतात. म्हणून अनुदान आलं की पहिली कौलं, मग बाकीचं. आणि 31 मार्च विसरू नका. वेळेत खर्च झाला नाही तर ती रक्कम तुमची राहत नाही. सही मुख्याध्यापक आणि अध्यक्ष अशा दोघांची असते, तेव्हा उशीर झाला तर तो एकट्या बाईंच्या माथी मारू नका.

मोठी कामं या अनुदानातून होणार नाहीत, ती ग्रामपंचायतीतून होतात. 15 व्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. शाळेचा संडास, मुलींसाठी वेगळी सोय, पाण्याची टाकी हे सगळं त्यात बसायचं. आपल्या भागात कितीतरी शाळांची कंपाउंडं उद्योग खात्रीतून (रोजगार हमीतून) झाली. पण पीडीओ (पंचायतीचा विकास अधिकारी) स्वतःहून शाळेत येऊन विचारत नाही. ग्रामसभेत काम आराखड्यात घातलं तरच पैसे पडतात, आणि ग्रामसभेला आपण जात नाही. जा, आणि शाळेतल्या आयांना घेऊन जा.

आता पोरं. नुसत्या व्हॅनला दोष देऊन भागणार नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातला जननदर बाईमागं 1.7 मुलांवर आलाय, घराघरात मुलंच कमी जन्मताहेत. त्यात तरुण जोडपी बेळगावात उद्यमबागच्या फाउंड्रीत नाहीतर गोव्यात कामाला, पोरं बरोबर. जे गावात आहेत त्यांच्यासाठी एप्रिलमध्येच अंगणवाडीताईंकडनं सहा वर्षं पूर्ण होणाऱ्यांची यादी घ्या आणि घरोघर जा. आईबापावर रागावू नका. शिकण्याचं माध्यम निवडायचा हक्क पालकांचा आहे असं सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये कर्नाटकाच्याच खटल्यात सांगितलंय. त्यांना विचारा, व्हॅनचं आणि फीचं वर्षाचं किती होतं? मग आपल्याकडं काय मिळतं ते सांगा : पुस्तकं, गणवेश, बूट-मोजे, दूध, जेवण, अंडं किंवा केळं. आणि इंग्रजी वाचायला आम्ही शिकवू, हा शब्द द्या. पण तो शब्द दुसरा शिक्षक आल्यावरच द्या. खोटा शब्द एकदा दिला की गाव दुसऱ्यांदा ऐकत नाही.

शाळा बंद होण्याबद्दल. आपली माणसं लगेच 350-अ कलम काढतात. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीत आलेलं हे कलम प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करायला राज्यांना सांगतं, आणि ते आपल्याला मोलाचं आहे. पण त्याच्या आधीचा, 1949 च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेतला निकष शाळेत 40 किंवा वर्गात 10 मुलांचा होता. तुमचा पट 28. उद्या कुणी तो आकडा तुमच्याच अंगावर टाकेल. म्हणून 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याखालच्या अंतराच्या नियमावर उभे राहा. पहिली ते पाचवीची शाळा 1 किलोमीटरच्या आत हवी, आणि तुमच्याकडं पुढची मराठी शाळा ओढ्यापलीकडं असणार. पावसाळ्यातल्या त्या वाटेचे फोटो आताच काढून ठेवा. दुर्गम वस्तीतल्या मुलांना प्रवासासाठी वर्षाला 6,000 रुपयांपर्यंतची तरतूद समग्र शिक्षामध्ये आहे. पण जुलैत ओढा भरून वाहतो तेव्हा त्या पैशाला गाडी मिळत नाही, हेही अर्जात लिहा.

प्रश्न : मुलगी मराठी शाळेत तिसरीला आहे. पुढं तिचं कन्नड कच्चं राहील का? (एक आई, बेळगाव तालुका)

उत्तर : ताई, कन्नड तिला आलंच पाहिजे. याच राज्यात तिला बस, बँक, दवाखाना, नोकरी करायची आहे. 2015 च्या कायद्यानं राज्यातल्या शाळांत कन्नड शिकवणं बंधनकारक केलं, मराठी शाळेतही ते असतं. शाळेत कन्नड नीट शिकवणारं कुणी आहे का एवढं बघा, नसेल तर एसडीएमसीत तीच मागणी लावून धरा. मराठी पक्की झालेली पोर कन्नड लवकर उचलते, हे मी वर्गात वर्षानुवर्षं पाहिलंय.

प्रश्न : आम्ही माजी विद्यार्थी पुण्यात नोकरीला आहोत. गावच्या शाळेला मोठा टीव्ही द्यायचा विचार आहे. (चौघे मित्र)

उत्तर : बाळांनो, मन मोठं आहे तुमचं. आधी शाळेत फोन करून विचारा की दिवसा लाईट किती तास असते, आणि रात्री शाळेला कुलूप-राखण काय आहे. टीव्ही बंद खोलीत पोत्याखाली झाकलेला मी पाहिलाय. त्याच पैशात गोष्टींची मराठी पुस्तकं, दोन-तीन कन्नड चित्रकोश, पाचवीला पुरेल असं गणिताचं साहित्य आणि पावसाळ्यासाठी लोखंडी कपाट येतं. पैसे कुणाच्या हातात देऊ नका, एसडीएमसीच्या खात्यावर टाका आणि पावती घ्या. वस्तू दिलीत तर साठा नोंदवहीत चढवून घ्या, नाहीतर मुख्याध्यापक बदलल्यावर ती कुणाची हे सांगणारं कुणी राहत नाही. आणि सुट्टीला गावी याल तेव्हा एक सकाळ शाळेत बसा, पाचवीच्या पोरांना भागाकार शिकवा. दुसरा शिक्षक येईपर्यंत बाईंना त्याचा फार आधार होईल.