वाचकांचे प्रश्न : आईबाबा लंडनला येताहेत, खिसा सांभाळून काय दाखवू?

प्रश्न : मी रत्नागिरीचा, सध्या लंडनमध्ये एमएस्सी करतोय. जूनमध्ये आई, बाबा आणि आजी येणार आहेत. आजीचे गुडघे दुखतात. शिष्यवृत्तीच्या पैशांत त्यांना लंडन कसं दाखवू?

ट्यूबचा, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेचा, मोह आवरा आणि बस धरा. बऱ्याच ट्यूब स्थानकांत लिफ्ट नाही, जिने मात्र भरपूर. बसची पायरी बुटकी असते. 2025 च्या दराने बसचं भाडं 1.75 पाउंड होतं. बसमधल्या यंत्राला पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदला, पुन्हा पैसे कापले जात नाहीत. दिवसभर फक्त बसने फिरलात, तर ठरावीक रकमेच्या (2025 मध्ये 5.25 पाउंड) वर कापत नाहीत. 15 क्रमांकाची बस ट्रफाल्गर चौकातून सेंट पॉल्सवरून टॉवर ऑफ लंडनकडे जाते. गर्दीची वेळ टाळून वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळवा, म्हणजे महागड्या पर्यटक बसची गरज उरत नाही. आजींना जिना जमत नसेल, तर त्यांच्याबरोबर एकाने खाली बसावं.

गडबड होते ती कार्डांची. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत आणि एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. सकाळी कार्ड टेकवलं आणि दुपारी तेच कार्ड फोनमधून वापरलं, तर यंत्रणा ती दोन माणसं धरते आणि कमाल मर्यादेचा फायदा जातो. ट्यूबमध्ये बाहेर पडताना कार्ड टेकवायचं राहिलं, तर सर्वांत जास्त भाडं बसतं. बाबांचं भारतीय कार्ड वापरायचं असेल, तर आंतरराष्ट्रीय आणि काँटॅक्टलेस व्यवहार निघण्याआधीच बँकेच्या ॲपमध्ये सुरू करून ठेवा. बँक परकीय चलनाचं शुल्कही लावते, म्हणून वडीलधाऱ्यांना ऑयस्टर कार्ड (लंडनमधल्या प्रवासासाठी आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड) काढून देणं सोयीचं.

ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी आणि नॅचरल हिस्टरी म्युझियमला प्रवेश फुकट आहे. पैसे पडतात ते खास प्रदर्शनांना. दिवसाला एकच संग्रहालय पाहा, तेही दोन तास. ब्रिटिश म्युझियममध्ये आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं आहेत, ती आधी गाठा, कारण तिथवर पोहोचेपर्यंत लोक थकलेले असतात. उंचावरून शहर पाहायला स्काय गार्डन फुकट आहे, पण नोंदणी दोन-तीन आठवडे आधी करावी लागते.

एक दिवस मात्र आपल्या कोकणासाठी राखून ठेवा. आमच्या मते सगळ्या सहलीतला हाच दिवस सर्वांत मोलाचा. रत्नागिरीच्या टिळक आळीतल्या घरी जन्मलेले लोकमान्य 1918-19 मध्ये मेडा वेलजवळच्या 10, हाउली प्लेस इथे राहत होते. घर खासगी आहे, त्यामुळे भिंतीवरची पाटी बाहेरूनच पाहायची. तिथून लिटल व्हेनिसचा कालवा जवळ आहे. काठाकाठाने चालत रीजंट्स पार्कला वळसा घालून प्रिमरोझ हिल गाठता येतं. वाटेत मेडा हिलच्या बोगद्यापाशी काठची वाट तुटते, तिथे वर रस्त्यावर येऊन पुढे पुन्हा खाली उतरायचं. आजींना एवढं चालवू नका. 274 क्रमांकाची बस पार्कच्या उत्तर बाजूने जाते, ती घ्या. टेकडीजवळ 10, किंग हेन्रीज रोड इथे बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये राहत होते. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे त्यांचं मूळ गाव. महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये लंडनचं हे घर घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे. निघण्याआधी उघडण्याच्या वेळा पाहून घ्या.

मोठ्या रेल्वे स्थानकांत आणि संग्रहालयांत शौचालय फुकट असतं. दिवस आखताना हे आधी नकाशावर शोधून ठेवा, वयस्कर माणसांची निम्मी काळजी तिथेच मिटते. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, तेव्हा बाटल्या घरूनच भरून न्या.

प्रश्न : लेकीकडे जायला ब्रिटनचा व्हिसा काढतोय. आमच्याकडे पगाराची पावती नाही, आंब्याची बाग आहे. काय दाखवायचं? (दापोली)

सातबारा, बागेच्या उत्पन्नाच्या नोंदी, प्राप्तिकर विवरणपत्र आणि सहा महिन्यांचं बँक पासबुक. मराठी कागदाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावंच लागतं. त्यावर भाषांतर अचूक असल्याचं विधान, तारीख, भाषांतरकाराचं नाव, सही आणि संपर्क हवा. अर्जाच्या तोंडावर नातेवाइकांकडून घेऊन खात्यात मोठी रक्कम भरू नका, त्यानेच शंका येते. आंब्याचे पैसे एप्रिल-मेमध्ये एकदम जमा होत असतील, तर विक्रीच्या पावत्या जोडून तसं पत्रात लिहा. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो. लेकीचं निमंत्रणपत्र आणि तिच्या व्हिसाचा पुरावा सोबत द्या. ती वसतिगृहात राहत असेल, तर पाहुणे किती रात्री राहू शकतात ते आधी विचारून घ्या. सहसा आईवडिलांना पंधरा दिवस ठेवू देत नाहीत, आणि ऐनवेळी हॉटेल घेतलं की सगळा हिशेब कोलमडतो.

प्रश्न : मुलासाठी घरचं काय नेता येईल? (मालवण)

तूप, पेढे, खव्याचे मोदक आणि मटणाचं काहीही नेऊ नका. भारतातून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. कुळथाची पिठी, मेतकूट, आमसुलं, फणसपोळी नेता येते. पिठाच्या पाकिटांवर इंग्रजीत नाव लिहा. कोकमाचं आगळ हातातल्या बॅगेत नको. बाटलीच्या तोंडाला प्लास्टिक लावून घट्ट झाकण लावा आणि दुहेरी पिशवीत घालून मोठ्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवा. शक्यतो काचेची बाटली टाळा.