‘मुंबईजवळ’ म्हणजे किती जवळ?

टोरांटोहून एका वाचक ताईंचं पत्र आहे. नऊ वर्षांच्या लेकीला शाळेत ‘आमचं कुटुंब कुठून आलं’ असा तक्ता करायचाय. ताई माहेरच्या अमरावतीच्या, नवरा नागपूरचा, महाल पेठेतला. ऑफिसात तो ‘मुंबईजवळचा’ म्हणून सांगतो, लेकीनंही तेच लिहिलं. व्हिडिओ कॉलवर आजोबांनी ते वाचलं आणि म्हणाले, “काऊन रे, नागपूर बुडालं का?” वर लेक म्हणाली, “मी कॅनेडियन आहे.” तेव्हापासून आजोबा गप्प आहेत. तक्त्यावर काय लिहू, असं ताई विचारतात.

ताई, आधी तुमच्या यजमानांचं बघू. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाची लांबीच ७०१ किलोमीटर आहे, आणि तोही मुंबईच्या अलीकडे संपतो. जबलपूर आणि रायपूर नागपूरला मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. परक्या माणसाला समजावं म्हणून मोठ्या शहराचं नाव घेतो, हे मला कळतं. पण ‘भारताच्या मधोमध’ म्हणायला काय हरकत आहे? नकाशा न बघताही ते कोणालाही समजतं. मुंबईजवळ म्हटलं की पुढचा प्रश्न समुद्राचा येतो. मग काय, अंबाझरी तलाव दाखवणार?

आता आजोबांचा जन्मदाखला. त्यावर ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ आहे, ही चूक तर नाही ना, असं तुम्ही विचारलंय. चूक नाही. त्यांचा जन्म १९३८चा, तेव्हा नागपूर त्याच प्रांताची राजधानी होतं. १९५०मध्ये प्रांताचं मध्यप्रदेश झालं आणि राजधानी नागपूरच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ला नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात गेलं, १ मे १९६०ला महाराष्ट्रात आलं. म्हणजे आजोबांनी महालातला वाडा न सोडता चार राज्यांत दिवस काढले, आणि महाराष्ट्र आला तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. लेकीच्या तक्त्यासाठी याहून मजेची गोष्ट मला सुचत नाही. एकच घर काढायला सांगा आणि त्यावर एकापुढे एक चार पाट्या.

तुमच्या माहेरचा प्रकार वेगळा. वऱ्हाड १९०३मध्ये मध्यप्रांताला जोडला गेला; त्याआधी नाव निजामाचं होतं, कारभार इंग्रजांचा. म्हणून अमरावतीकर स्वतःला वऱ्हाडी म्हणवतो आणि नागपूरकराला तसं म्हटलं की तो नाक मुरडतो. तुमच्या घरी हा वाद चालतो असं लिहिलंय. चालू द्या बाप्पा, त्यात वाईट काही नाही. लेकीला दोन्ही बाजू ऐकू येतात.

‘आम्ही मूळचे नागपूरचे’ हे मात्र जरा जपून म्हणायला शिकवा. हे शहर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शहानं. भोसले नंतरचे, आणि आज जुनी म्हणवणारी कितीतरी मराठी घराणी त्यांच्यामागून आलेली. तुमच्या सासरची कधी आली, ते आजोबांना विचारा. माहीत नसेल तर तक्त्यावर तेवढी जागा कोरी सोडा.

पत्रात नसलेलं एक सांगते, कारण पुढे लेकीला हे भेटणार आहे. आपल्याच मंडळांत ‘तुम्ही कुठले?’ विचारतात. नागपूर म्हटलं की ‘नाही, मूळ गाव?’, मग आडनाव, मग कुलदैवत. तिसऱ्या प्रश्नाला विचारणाऱ्याला गाव नको असतं, जात हवी असते. ‘नागपूर’ एवढंच उत्तर पुरे आहे, हे लेकीला आत्ताच सांगून ठेवा. याच शहरात असंख्य घरं आपली ओळख एखाद्या खेड्यापासून मोजत नाहीत, १४ ऑक्टोबर १९५६च्या दीक्षाभूमीपासून मोजतात. तेही ‘कुठून आलो’चं पुरतं उत्तर आहे.

राहिलं ‘मी कॅनेडियन’. ती तिथे जन्मली, तिथली नागरिक आहे, ती खोटं बोलत नाहीये. भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड काढलंत तरी ते नागरिकत्व नव्हे. त्यावर मत देता येत नाही, शेतजमीन घेता येत नाही. आजोबांना ही कागदाची बाजू समजावून सांगा, त्यांना वाटतंय नात नातं तोडते आहे. कॅनडाच्या जनगणनेतसुद्धा नागरिकत्व आणि पूर्वजांचं मूळ हे दोन वेगळे प्रश्न असतात, आणि मूळ एकाहून अधिक लिहिता येतं. नऊ वर्षांच्या पोरीकडून एकाच शब्दाची अपेक्षा आपण कशाला करायची?

कोकणातले बेने इस्रायली ज्यू पिढ्यान्‌पिढ्या पेणकर, रोहेकर म्हणवत आले. इस्रायलला गेलेल्यांपैकी कित्येकांनी ती आडनावं सोबत नेली. आडनावात ना देश, ना राज्य, फक्त पेण आणि रोहे. म्हणून माझं म्हणणं असं की तक्त्यावर ‘इंडिया’ ठळक नको, ‘महाल, नागपूर’ ठळक असू द्या, त्याशेजारी ‘अमरावती’. पेठेचं नाव असलं की वर्गातली पोरं विचारतील, महाल म्हणजे राजवाडा का? मग लेकीला सांगायला काही उरेल.

आजोबांना फोन लेकीलाच करू द्या, तुम्ही मध्ये पडू नका. चार पाट्यांतली पहिली कोणत्या रंगाची होती, एवढंच तिनं विचारावं. तुमच्या सकाळी आठला इकडे संध्याकाळ असते. सातच्या बातम्या सुरू व्हायच्या आत उरका, त्यानंतर ते कोणाचंच ऐकत नाहीत असं तुम्हीच लिहिलंय.