साखरपुडा ठरला, पण कोण कुठे जाणार?

प्रश्न : सर, आमची ओळख इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला झाली, लॅबची बॅच एकच होती. पदवीनंतर तो एमएससाठी बोस्टनला गेला. मी इथे नोकरी सांभाळून मास्टर्स केलं. साडेतीन वर्षं लांबूनच निभावलं. तो आता ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काही काळ काम करायच्या मुभेवर, नोकरी करतोय. दोन्ही घरांचा होकार आहे, साखरपुडा दोन महिन्यांवर आलाय. आणि याच आठवड्यात मला जर्मनीत पगारी पीएचडीची जागा मिळाली. घरचे म्हणतात, 'आता पुन्हा लांब कशाला? लग्न करून त्याच्याकडे जा, तिकडे काहीतरी मिळेलच.' जर्मनी सोडू का?

उत्तर : तुझं पत्र याच्या चौपट मोठं होतं. त्यातली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. संध्याकाळी तू फोन पुस्तकांच्या चवडीला टेकवून ठेवतेस, तिकडे तो सकाळची भांडी विसळत असतो, तू पेपर वाचत असतेस आणि अर्धा तास कुणी काही बोलत नाही. असं जमलेल्या दोघांना नात्याबद्दल मी काय सांगणार? तो माझा विषयही नाही. माझा विषय आहे 'तिकडे काहीतरी मिळेलच' हे वाक्य.

ओपीटीवरचा माणूस कागदोपत्री अजून विद्यार्थीच असतो, एफ-१ व्हिसावर. त्याची बायको म्हणून गेलीस तर तुला एफ-२ मिळेल. त्यावर नोकरी करता येत नाही आणि पूर्णवेळ पदवीचं शिक्षणही घेता येत नाही. उद्या त्याला एच-१बी हा नोकरीचा व्हिसा मिळाला तर तू एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर जाशील. त्यावर शिकता येतं, पण नोकरीचा परवाना सहसा त्याच्या ग्रीन कार्डच्या प्रक्रियेतला आय-१४० हा अर्ज मंजूर झाल्यावरच मागता येतो. ही सोयही २०१५ पासूनची. बरं, एच-१बी तरी हातात आहे का? खासगी कंपन्यांसाठी वर्षाला ८५ हजार जागा आणि अर्ज त्याहून कितीतरी जास्त. त्याची पदवी विज्ञान-तंत्रज्ञानातली असेल तर ओपीटी १२ अधिक २४, असे ३६ महिने. त्यातले काही संपलेही. म्हणजे ज्याचा स्वतःचाच मुक्काम पक्का नाही, त्याच्या भरवशावर तू तुझी पक्की जागा सोडणार.

जर्मनीत तुझ्यासारखी पगारी पीएचडी करणारी व्यक्ती विद्यापीठाची किंवा संस्थेची करारावरची कर्मचारी असते. निवास परवाना तुझ्या नावावर, आणि नवरा कुटुंबीय म्हणून आला तर त्याला नोकरीची मुभा. 'तो येऊ शकतो का?' हा प्रश्न घरात कुणी विचारला नाही. तूही नाही! त्याने यावंच असं मी म्हणत नाही. जर्मन भाषेवाचून त्याला तिथे नोकरी शोधणं जड जाऊ शकतं. पण विचार दोन्ही बाजूंनी व्हायला हवा.

अजून एक. अवलंबित म्हणून जायला विवाह प्रमाणपत्र लागतं, साखरपुडा पुरत नाही. वाग्दत्तांसाठी अमेरिकेचा के-१ व्हिसा आहे, पण तो अमेरिकी नागरिकांच्या जोडीदारांसाठी.

मारिया गेपर्ट-मायर यांचं नाव तू फिजिक्समध्ये ऐकलं असशील. १९३० साली डॉक्टरेट, त्याच वर्षी लग्न, आणि नवऱ्याच्या नोकरीमागे अमेरिका. तो प्राध्यापक, ही त्याच विद्यापीठांमध्ये वर्षानुवर्षं बिनपगारी नाहीतर नाममात्र मोबदल्यावर. पूर्ण पगाराची प्राध्यापकी मिळाली १९६० मध्ये, नोबेल १९६३ मध्ये. ही गोष्ट लोक प्रेरणा म्हणून सांगतात. मला मात्र ती मधली तीस वर्षं दिसतात.

तेव्हा जर्मनी सोडू नकोस, असं माझं स्पष्ट मत. घरच्यांना 'पुन्हा लांब' वाटतंय, पण घड्याळ बघ. आत्ता तुमच्यात साडेनऊ-साडेदहा तासांचा फरक आहे, जर्मनीहून तो सहाच तासांचा होईल. तू संध्याकाळी सहाला लॅबमधून निघशील तेव्हा बोस्टनमध्ये दुपारचे बारा वाजलेले असतील.

या रविवारी दोघांनी गप्पा बाजूला ठेवून कॅलेंडर उघडा. त्यात तीन तारखा टाका : त्याचं ओपीटी कधी संपतं, तुझा पहिला करार कधी संपतो, आणि एकाच शहरात राहायला कधी लागणार. तिसरी तारीख अडेल, भांडणही होईल. होऊ दे, दोन महिन्यांनी पाहुण्यांसमोर होण्यापेक्षा बरं. निदान महिना आणि वर्ष तरी लिहा, आणि तोवर कोण कुणाकडे कितीदा येणार, तेही. 'लग्नानंतर बघू' म्हणून ती जागा कोरी ठेवलीत, तर पुढे ती कुणाच्या नोकरीवर बेतते हे मी इतक्या जोडप्यांत पाहिलंय की आता अंदाजही बांधावा लागत नाही.

आणि प्राध्यापकांना आजच मेल टाक : रुजू व्हायची तारीख दोन-तीन महिने पुढे जाऊ शकते का? चार ओळी पुरेत, लग्नाचं कारण द्यायचीही गरज नाही. फार तर नाही म्हणतील. त्यांचं उत्तर आणि ती तिसरी तारीख, दोन्ही मला कळव.