पळाल्यावर घोड्याचा घोळणा फुटतो, स्पर्धा तीन आठवड्यांवर आलीये, काय करू?

तुमचा घोडा आठ वर्षांचा, रेसमधून आलेला, आता जंपिंग आणि क्रॉस कंट्री करतो, महिन्याभरात दोनदा चौखूर पळवल्यावर दोन्ही नाकपुड्यांतून रक्त आलं आणि सईस म्हणतोय उष्णता झालीये, डोक्यावर गार पाणी मारा. माझा तबेला वाघोलीच्या पुढे आहे, माझ्या घोडीचं सेम टू सेम हेच झालं होतं, आणि मी तेव्हा गार पाणी तर मारलंच वर तिच्या चाऱ्यात गुलकंदही घातला होता, हसू नका.

पहिलं म्हणजे घोळणा हा शब्द डोक्यातून काढा. घोळणा माणसाच्या नाकात फुटतो, तुमच्या घोड्याचं रक्त बहुतेक नाकातलं नाहीच, फुफ्फुसातलं आहे, नाक फक्त बाहेर पडायची वाट. घोडा नुसता उभा असतो तेव्हा फुफ्फुसाकडे जाणाऱ्या धमनीतला दाब (पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये) साधारण २५-३० असतो, चौखूर सुटला की तोच १०० च्या आसपास जातो, त्यात एका ढांगेला एक श्वास या हिशोबाने तो हवा इतक्या जोरात आत ओढतो की आतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती, ज्या कागदापेक्षाही कितीतरी पातळ असतात, त्या दोन्हीकडून ताणल्या जाऊन फाटतात. हे बहुतेक फुफ्फुसाच्या मागच्या वरच्या भागात होतं. रेसनंतर नाकातून श्वासनळीत दुर्बीण (एंडोस्कोप) घालून बघितलं तर निम्म्याहून जास्त घोड्यांत थोडंफार रक्त सापडतं, नाकापर्यंत येणारे मात्र शंभरात जेमतेम चार-पाच. म्हणजे तुम्हाला दोनदा दिसलंय, पण आत किती वेळा झालंय ते आपल्याला माहीत नाही.

रक्त आलं की लगेच काय करायचं: खाली उतरा, नोजबँड (नाकावरचा पट्टा) आणि गर्थ (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) सैल करा, हळू चालवत सावलीत न्या, मान खाली घालायची असेल तर घालू द्या. नाकात कापूस, बोळा काहीही कोंबू नका, घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, त्याला फक्त नाकच आहे. रक्त बघून घाबरायला होतं मान्य आहे पण ५०० किलोच्या घोड्यात ४० लिटरच्या आसपास रक्त असतं, रुमालभर डागाने तो कोसळत नाही. श्वास शांत होत नसेल, हिरड्या पांढुरक्या पडल्या असतील किंवा धार थांबतच नसेल तर मात्र डॉक्टरना ताबडतोब बोलवा. नंतर दोन-तीन दिवस ताप बघत राहा, ३८.५ सेल्सियसच्या वर गेला तर कळवा, फुफ्फुसात साठलेल्या रक्तात इन्फेक्शन होऊ शकतं.

आता महत्त्वाचं. दुर्बीण घालायची तर पळणं संपल्यावर अर्ध्या तासापासून दीड-दोन तासांच्या आत घालावी लागते, आणि पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये डॉक्टर शहराच्या त्या टोकाहून येईपर्यंत संध्याकाळ होते, माझ्याकडे पहिल्यांदा असंच झालं, श्वासनळी स्वच्छ दिसली आणि मला सांगितलं गेलं की काही नाहीये, पळवा बिनधास्त. मी पळवली. एक अख्खा सीझन त्यात गेला. तुमची शेवटची घटना चार दिवसांपूर्वीची आहे म्हणजे दुर्बिणीत आता कदाचित काही दिसणार नाही, पण फुफ्फुस सलाईनने धुवून ते पाणी मायक्रोस्कोपखाली बघितलं तर जुन्या रक्ताच्या खुणा असलेल्या पेशी काही आठवडे सापडतात, डॉक्टरना त्याबद्दल विचारा. दुर्बीण तरीही करून घ्याच, कारण घशात काही अडथळा असेल, घरघर करणारा घोडा असेल, तर त्याला हवा ओढायला जास्त जोर लागतो आणि ते रक्ताला निमित्त होतं. छातीला स्टेथोस्कोप लावून ठोके नियमित पडतात का तेही बघायला सांगा.

आणि एक सांगा, कधी तबेल्यात नुसतं उभं असताना रक्त आलंय का? किंवा एकाच नाकपुडीतून? असेल तर वरचं सगळं विसरा. घशाच्या बाजूला घोड्याला हवेच्या दोन पिशव्या असतात, तिथे बुरशी धरली तर मोठी धमनी कुरतडली जाते आणि आधी थोडं, मग एक दिवस अचानक जिवावर बेतेल इतकं रक्त जातं. त्या केसमध्ये उद्या नाही, आजच डॉक्टर.

लॅसिक्सचं (लघवी वाढवणारं औषध) कोणीतरी सुचवेलच, रेसवाले मित्र तर हमखास. फुकटचा सल्ला म्हणून ऐका आणि सोडून द्या. अमेरिकेत वर्षानुवर्षं रेसच्या चार तास आधी हे इंजेक्शन द्यायचे, रक्त कमी येतं हेही खरं आहे, पण ते लघवीवाटे पाणी काढून दाब उतरवतं, आपल्याकडच्या उन्हात आधीच घामाने निथळलेल्या घोड्याचं अजून पाणी काढायचं म्हणजे काय ते बघा. शिवाय एफईआयच्या (आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघ) नियमांत ते स्पर्धेत चालत नाही, डोपिंग टेस्टला सापडलात तर घोडा आणि तुम्ही दोघं बाहेर. नाकावर लावायच्या पट्ट्या मिळतात, त्यांनी थोडा फरक पडतो, पण तुमच्या प्रकारात चालतात का ते रूलबुक वाचून ठरवा.

तीन आठवड्यांनंतरच्या स्पर्धेचं विचाराल तर मी घोडा उतरवणार नाही. ऑस्ट्रेलियात रेसच्या घोड्याला नाकातून रक्त आलं की तीन महिने बंदी आणि दुसऱ्यांदा आलं की कायमची, ते काय वेडे आहेत का? आम्ही घोडीला आधी पूर्ण विश्रांती दिली, मग कितीतरी आठवडे नुसतं चालवणं आणि दुडकी, चौखूर सगळ्यात शेवटी.

तबेल्यातल्या धुळीचं आणि हवेचंही बघा, खर्च फारसा नाही. गवत भिजवून द्या, पण आपल्याकडे उन्हाळ्यात भिजवलेलं दुपारपर्यंत आंबतं, म्हणून थोडं थोडं. जाळीत उंच टांगू नका, जमिनीवर टाका, मान खाली गेली की नाकातलं आपोआप निथळतं. झाडलोट घोडा बाहेर असताना. एकदा स्वतः खाली वाकून घोड्याखाली अंथरलेल्या भुशाजवळ वास घ्या, तुमच्या डोळ्यांत पाणी आलं तर घोडा रात्रभर तेच ओढतोय. डिसेंबर-जानेवारीत पहाटे शेकोट्यांचा धूर खाली साचलेला असतो, तेव्हा जोरात काम नको आणि वॉर्मअप दुप्पट.

अजून एक काम करा, ज्यांच्याकडून घोडा घेतला त्यांना फोन करून रेसच्या काळात ब्लीडिंगची नोंद होती का ते विचारा. कॅम्पातल्या रेसकोर्सवरून रायडिंगला आलेले घोडे पुण्यात भरपूर आहेत आणि विकताना हे कोणी आपणहून सांगत नाही, मलाही नव्हतं सांगितलं. माझी घोडी आता नव्वद सेंटीमीटरच्या उड्या मारते, क्रॉस कंट्री बंद केलं, दोन वर्षांत रक्त दिसलेलं नाही. तुमचा दुर्बिणीचा रिपोर्ट आला की रक्तस्रावाचा ग्रेड किती दिलाय ते इथेच लिहा, ० ते ४ मध्ये असतो, त्यावरून पुढचं बोलू.