घरी चाळीस माणसं जेवायला बोलवायची तर भाड्यानं काय आणावं, विकत काय घ्यावं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: बेळगावच्या वडगावात तीन खोल्यांचं घर, वर गच्ची, दिवाळीच्या सुट्टीत पाहुणे, शेजारी आणि ऑफिसातले मिळून संध्याकाळी ४० जण जेवायला. त्यातली दहा लहान मुलं. स्वयंपाक घरीच. तर सामान काय लागेल, किती लागेल आणि गोंधळ कुठं होतो?

शेवटचं आधी सांगतो, कारण सामानाची यादी त्यावरच ठरते. एवढ्या माणसांत आमटीला मीठ कमी पडलं तर कुणी मनावर घेत नाही. अडतं ते वाटेत. ताटं, पाणी आणि हात धुवायची जागा एकाच कोपऱ्यात आली की वाढून घेणारा, पाणी प्यायला आलेला आणि खरकट्या हाताचा, तिघं तिथंच एकमेकांना अडवतात आणि मागं वीस जण रिकामं ताट धरून उभे. म्हणून बाजारात जायच्या आधी टेप घेऊन जागा मोजा.

१० × १२ फुटांच्या खोलीत पंगत बसवली तर माणशी दोन फूट रुंदी धरावी लागते. लांबीच्या दोन भिंतींना सहा-सहा असे बारा जण बसतात, दाराची जागा सोडली तर दहाच. मध्ये वाढणाऱ्याला चार फूट पाहिजेत. म्हणजे ४० माणसांच्या चार पंगती, एकेक अर्ध्या तासाची. शेवटच्या पंगतीतली माणसं दीड तास नुसती गप्पा मारत बसणार, तीही उपाशी. त्यापेक्षा खाली म्हाताऱ्याकोताऱ्यांची एकच पंगत जमखान्यावर आणि बाकीच्यांना गच्चीवर बुफे, हे बरं पडतं. गुडघे दुखणाऱ्यांसाठी त्याच खोलीत चार खुर्च्या आणि एक बुटकं टेबल ठेवा. त्यांना जिना चढायला लावू नका.

गच्चीवर सहा फुटी घडीची दोन टेबलं पुरतात. पण ती भिंतीला चिकटवू नका. दोन्ही बाजूंनी माणूस फिरेल अशी मधोमध ठेवली की तेवढ्याच टेबलावर दोन रांगा चालतात आणि वेळ निम्मा होतो. ताटं सुरुवातीला, मग चटणी-कोशिंबीर, भाजी, चपाती, भात आणि आमटी सगळ्यात शेवटी. आमटी आधी ठेवली की माणूस भरलेली वाटी सांभाळत पुढची भांडी उघडतो आणि टेबलावर, साडीवर, मागच्याच्या पायावर सांडते. पाणी समोरच्या कोपऱ्यात. हात धुवायची जागा तिसऱ्या कोपऱ्यात आणि तिच्या शेजारीच खरकट्याचे दोन पिंप, एक ओल्याला, एक सुक्याला. खुर्च्या कठड्याला लावू नका. मुलं खुर्चीवर चढतात आणि मग कठड्याची उंची गुडघ्याएवढीच उरते.

आता भाड्याचं. गल्लीतल्या पंच कमिटीकडं किंवा देवस्थानाकडं भांडी असतील तर आधी तिथं विचारा, मंडपवाल्यापेक्षा स्वस्त पडतात. पातेली, परात, झारे, ओगराळी, वाढायच्या स्टीलच्या बादल्या, जमखाना, टेबलं, खुर्च्या आणि पेले एवढंच भाड्यानं आणा. पेले ४० नको, ६० घ्या. माणूस पेला एकदा खाली ठेवतो आणि दुसऱ्यांदा नवा उचलतो. दिवाळीच्या आठवड्यात भांडी आयत्या वेळी मिळत नाहीत, पंधरा दिवस आधी सांगून ठेवा. आणताना प्रत्येक भांडं मोजा आणि पोचे पडलेल्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

विकत घ्यायचं ते ताटांचं. कर्नाटकात मार्च २०१६ पासून प्लास्टिकच्या आणि थर्माकोलच्या ताट-पेल्यांवर बंदी आहे, त्यामुळं तो विचार सोडा. कागदी ताटाला गरम आमटी लागली की ते मधोमध वाकतं. सुपारीच्या पानांची १० इंची ताटं घ्या, ती तासभर रस्सा धरून राहतात. उघडून वास घ्या. ओलीत ठेवलेल्या गठ्ठ्याला बुरशीचा वास येतो आणि काळे ठिपके दिसतात, तो गठ्ठा परत करा. आदल्या दिवशी तासभर उन्हात टाकून कोरड्या फडक्यानं पुसा. ४० माणसांना ५५ ताटं धरा. पंगतीला केळीची पानं, तीही गणपत गल्लीतून त्याच दिवशी सकाळी. आदल्या दिवशी आणलेली पानं घडीवर चिरतात.

प्रमाण. तीस मोठे आणि दहा मुलं, चपाती, बटाट्याची भाजी, मसालेभात, आमटी, कोशिंबीर आणि एक गोड असं जेवण धरून सांगतो. तांदूळ ३ किलो, तूरडाळ सव्वा किलो, बटाटे ४ किलो, काकडी-टोमॅटो मिळून २ किलो, दही दीड किलो. चपात्या ११०. एक किलो कणकेच्या मध्यम तीसेक होतात, म्हणजे घरी करायच्या तर साडेतीन-पावणेचार किलो कणीक आणि एका माणसाची अख्खी दुपार. या एकाच गोष्टीला मी सरळ बाहेरची वाट धरायला सांगतो. फक्त चपात्या डब्यात कोंबून आणू नका. वाफ धरली की खालच्या चपात्या ओल्या होऊन चिकटतात. बुट्टीत खाली-वर सुती धोतराचं कापड घालून आणा.

तांदूळ निवडताना हौस बाजूला ठेवा. आपल्याकडचा बासमती किंवा इंद्रायणी वासाला चांगला, पण मोठ्या पातेल्यात वरच्या भाताचं वजन खालच्यावर पडून गिचका होतो. वर्षभर जुना सोना मसुरी घ्या. रविवार पेठेत मूठभर हातात घेऊन दुकानदाराला जुना का नवा ते स्पष्ट विचारा. आणि पाणी घरच्या मापानं वाढवत नेऊ नका. वाटीभर तांदळाला दोन वाट्या पाणी लागतं कारण त्यातलं बरंच वाफेवर जातं. मोठ्या पातेल्यात त्या मानानं वाफ कमी जाते, म्हणून एकाला पावणेदोन पुरतं.

शिवाय घरच्या गॅसवर १५ लिटरचं एकच पातेलं ठेवणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. बर्नर तळहाताएवढा, पातेल्याचा बूड परातीएवढा. मधोमध करपतं आणि कडेचा भात कच्चा राहतो. दीड-दीड किलोचे दोन भाग करा, ८ लिटरच्या दोन जाड बुडाच्या पातेल्यांत, प्रत्येकात सव्वातीन लिटर उकळतं पाणी. पाणी आधी उकळून घातलं की अर्धा वेळ वाचतो. भाड्यानं भट्टी आणणार असाल तर तिला मोठा सिलिंडर आणि तिचाच रेग्युलेटर लागतो, आणि ती उघड्यावरच पेटवायची. घरच्या सिलिंडरला तसला रेग्युलेटर जोडून स्वयंपाकघरात चालवणं म्हणजे जिवाशी खेळ.

भरलेलं गरम पातेलं दोघांनी धरून अरुंद जिन्यानं नेऊ नका. झाकणाच्या बादल्या अर्ध्या भरून तीन खेपा करा. जिन्यात त्या वेळी मुलं नकोत.

बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे. दिवाळीत गच्चीवर अंधार पडला की गारठा सुटतो आणि उघडी भाजी पंधरा मिनिटांत कोमट होते. चेफिंग डिश, म्हणजे खाली पाण्याचा ट्रे आणि ज्योत असलेलं भांडं, आणाल तर दोन गोष्टी. खालच्या ट्रेत इंचभर पाणी घाला, पण उकळतं. गार पाण्यावर भाजी ठेवली तर ते पाणी तापेपर्यंत भाजी गार झालेली असते. दुसरं, वाऱ्यानं ज्योत एका बाजूला झुकते, तर वाऱ्याच्या अंगाला पत्रा किंवा जाड पुठ्ठा लावा, पुठ्ठा ज्योतीपासून हातभर लांब. ही भांडी गरम ठेवतात, गार झालेलं गरम करत नाहीत.

कोशिंबिरीत मीठ आधी घातलं की तासाभरात तिचं पाणी होतं. चिरून, झाकून, गार ठेवा. मीठ आणि दही वाढायच्या दहा मिनिटं आधी.

गोड एकच ठेवा, आणि ते वाटी-चमचा न लागणारं. श्रीखंड केलं की ४० वाट्या, ४० चमचे, बर्फ आणि धुणं वाढलं. आपला खव्याचा कुंदा माणशी ५० ग्रॅम धरून दोन किलो आणा, त्याच दिवशीचा. फ्रिजमध्ये ठेवला असेल तर तासभर आधी बाहेर काढा, नाहीतर दगडासारखा लागतो. मांडे ठेवायची हौस असेल तर करणारे थोडे आहेत, महिनाभर आधी सांगा, आणि आणताना डब्यावर दुसरं काही ठेवू नका. ऑक्टोबरात परतीचा पाऊस असला तर दमट हवेत मांडा तासाभरात लुळा पडतो. तो बुफेवर मांडूच नका, पंगतीत शेवटी दुधाबरोबर द्या. घरी जाताना हातात द्यायला गोकाकचा करदंट चांगला. डिंक-गुळाचा असल्यानं टिकतो. फक्त सुकामेवा न चालणारं कुणी आहे का ते विचारून घ्या.

फराळ आल्या-आल्या द्यायचा असेल तर चिवडा पावणेदोन किलो, चकल्या ८०. सगळा चिवडा परातीत ओतून ठेवू नका, तासाभरात मऊ पडतो. लहान भांड्यात काढा, डबा बंद, संपला की पुन्हा. आणि फराळ पोटभर दिलात तर वरच्या तांदळातला अर्धा किलो कमी करा.

आता माणसांचं, कारण हे आपल्या भागात चुकतंच. निपाणी-चिकोडीकडचे किंवा शेजारचे जैन पाहुणे असतील तर बरेच जण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, आणि दिवाळीत सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. त्यांना साडेचारला बोलवा आणि त्यांच्यासाठी बटाटा-कांदा-लसूण नसलेली भाजी, उदाहरणार्थ कोबी किंवा दोडका, वेगळ्या कढईत, वेगळ्या झाऱ्यानं. एकच झारा दोन भांड्यांत फिरला की ती भाजी त्यांच्या उपयोगाची राहत नाही. भांड्यांपुढं नावाच्या चिठ्ठ्या मराठीत आणि कन्नडमध्ये लावा. ऑफिसातल्या माणसाला दर भांड्याशी विचारत बसावं लागत नाही आणि रांगही हलते.

दिवसाचंही बघा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुकानदार पाहुणा येणार नाही. भाऊबीजेला निम्म्या बायका माहेरी. पाडव्याला काही गल्ल्यांत म्हशी सजवून पळवतात, त्या वेळेत गाड्या अडकतात. आणि दिवाळी १ नोव्हेंबरच्या आसपास आली तर ती तारीख टाळाच. सकाळी सीमाप्रश्नावर मराठी माणसांची निषेधाची काळ्या दिनाची फेरी, संध्याकाळी कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुका, रात्री उशिरापर्यंत रस्ते मोकळे नसतात. भाऊबीजेनंतरचा रविवार सगळ्यांना जमतो.

पाणी: प्यायचं २० लिटरचे दोन कॅन, नळाचे, उंच स्टुलावर. नळाखाली बादली ठेवा, नाहीतर गच्ची निसरडी होते. हात धुवायला आणि भांड्यांना वेगळं २०० लिटर साठवा. तुमच्या गल्लीत नळाला कुठल्या दिवशी पाणी येतं ते बघून तारीख ठरवली तर टँकर वाचतो. चहा चार लिटर, म्हणजे निम्मं दूध, निम्मं पाणी. थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी पाच मिनिटं ठेवून ओतून टाका, मग चहा भरा.

लाइटच्या माळा, स्पीकर आणि इंडक्शन एकाच एक्स्टेंशनवर नको. साध्या ६ अँपिअरच्या प्लगवर जेमतेम १३०० वॅट चालतं, इंडक्शन एकटीच २००० घेते. तिला १६ अँपिअरचा प्लग द्या. वायरचं गुंडाळं पूर्ण सोडून ठेवा, गुंडाळलेली वायर तापते. गच्चीवरचे जोड जमिनीवर न ठेवता उंच टांगा. करंट गेला तर इन्व्हर्टरवर बल्ब चालतील, इंडक्शन नाही. जिन्यात एक चार्जिंगचा दिवा लावूनच ठेवा. रात्री १० नंतर गच्चीवर स्पीकर लावायला कायद्यानं बंदी आहे, तर साडेनऊलाच आवाज उतरवा.

उरलेला मसालेभात पातेल्यात झाकून सकाळपर्यंत ठेवू नका. वरून गार दिसतो, पोटात ऊब तशीच राहते आणि सकाळी तो आंबलेला निघतो. आंबला नाही तरी अशा भातानं पोट बिघडतं, आणि पुन्हा गरम केल्यानं ते टळत नाही. शिजल्यापासून दोन तासांच्या आत परातीत पातळ पसरून, डबे भरून फ्रिजमध्ये. ज्यांना द्यायचा त्यांना निघतानाच द्या, त्यासाठी जुने आइस्क्रीमचे डबे आधीपासून जमवून ठेवा. भांडी रात्रीच घासून मोजा. झारे आणि ओगराळी हमखास खरकट्याच्या पिंपात जातात, तो पिंप रिकामा करायच्या आधी एकदा हात घालून बघा.