वास्तुसल्ला: समुद्राकाठचं जुनं सभागृह, नवा वापर

प्रश्न: आमच्या मंडळाची इमारत चिऱ्यांची, जवळजवळ शंभर वर्षांची, पुळणीला लागूनच आहे. पूर्वी तिथे वाचनालय, कॅरम आणि नाटकाच्या तालमी चालत. आता अभ्यासिका, योगवर्ग आणि छोटे समारंभ करायचे आहेत. भिंतींवरचं सिमेंट प्लास्टर दर पावसाळ्यानंतर सुटतं. वॉटरप्रूफ प्लास्टर करून एसी लावावा, असं ठेकेदार सांगतो. करावं का? (दापोली तालुका)

उत्तर: दोन्ही करू नका. तुमच्या भिंतीचा खरा त्रास मिठाचा आहे. चिरा म्हणजे जांभा दगड, तो सच्छिद्र असतो. जमिनीतली ओल आणि खारा वारा त्यात मीठ नेऊन सोडतात. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या खाली आली की मिठाचे स्फटिक बनतात, वर गेली की ते पुन्हा विरघळतात. स्फटिक बनताना छिद्रांत दाब येतो आणि पृष्ठभाग भुगा होऊन झडतो. सिमेंटच्या थरातून ओल सहज बाहेर पडत नाही. ती प्लास्टरच्या मागे साठते आणि मीठही तिथेच जमतं. म्हणून पापुद्रा सुटताना चिऱ्याचा तुकडा घेऊनच येतो. वॉटरप्रूफ थराखाली हेच जास्त जोरात होईल. एसी खोलीतली हवा कोरडी करतो, म्हणजे भिंतीच्या आतल्या अंगावर मीठ फुलायला आयतं निमित्त मिळतं.

दिवाळीनंतर काम काढा. जुनं प्लास्टर छिन्नी-हातोडीने हलक्या हाताने काढा, ब्रेकर लावू नका. सांध्यांतलं सिमेंटही काढा, कारण ते चिऱ्यापेक्षा कठीण असतं आणि झीज मग चिऱ्याच्या वाट्याला येते. वर आलेलं मीठ कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा, धुऊ नका. धुतलं की ते परत आत शिरतं. भिंत निदान दोन महिने उघडी राहू द्या. उद्घाटनाची तारीख ठरली म्हणून इथे घाई केली, तर पुढचा सगळा खर्च वाया जाईल.

प्लास्टर चुन्याचंच हवं. विझवलेला चुना निदान तीन आठवडे पाण्याखाली मुरू द्या. आतल्या बाजूला १ भाग चुना आणि ३ भाग वाळू. पाऊस झोडपतो त्या बाजूला १ भाग चुना, १ भाग सुरखी (भाजक्या विटांची पूड) आणि २ भाग वाळू. खाडीची वाळू नको, ती मीठ घेऊनच येते. भिंत गोड्या पाण्याने ओलावून पहिला थर १२ मिलिमीटरचा, तो आवळला की दुसरा ६ मिलिमीटरचा. नंतर आठवडाभर ओलं गोणपाट टांगा. वरून चुन्याची सफेदी पातळ तीन-चार हातांत द्या. ॲक्रिलिक किंवा ऑइलपेंट लावला, तर भिंत पुन्हा कोंडली जाईल. खालचा फूट-दीड फूट काही वर्षांनी खराब होणारच. मीठ त्या प्लास्टरने शोषून घ्यावं आणि चिरा वाचावा, हेच त्याचं काम. तेवढा पट्टा नव्याने करायचा.

गारव्यासाठी समोरासमोरच्या खिडक्या आणि आढ्याजवळचे झरोके मोकळे करा. बहुतेक ठिकाणी तेच बुजवलेले असतात.

प्रश्न: २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या सभागृहाची कौलं उडाली. आता स्लॅब टाकावा असा आग्रह आहे. (श्रीवर्धन तालुका)

उत्तर: मंगलोरी कौलांचा भार चौरस मीटरला ३५ ते ४० किलो. पाच इंची स्लॅबचा ३०० किलोंच्या वर. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंती आणि त्यांचा पाया त्यासाठी केलेला नाही. शिवाय खाऱ्या हवेत सळ्या गंजून फुगतात आणि काँक्रीटच फोडतात.

कौलं उडतात ती वारा वळचणीखाली शिरून वर उचलतो म्हणून. वळचणीच्या दोन ओळी, टोकाच्या कडा आणि आढ्यालगतची कौलं रिपांना (कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्ट्यांना) तारेने बांधा. तार ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची किंवा तांब्याची घ्या. जस्ताचा मुलामा दिलेली तार किनाऱ्यावर फार टिकत नाही. तेवढ्यावर मात्र थांबू नका. वासे भिंतीच्या माथ्यावरच्या लाकडाला स्टेनलेस पट्ट्यांनी आणि ते लाकूड भिंतीत खोल गेलेल्या बोल्टांनी जखडा. नाहीतर कौलं राहतील आणि छप्पर जाईल. चौरस मीटरला साधारण १५ कौलं लागतात. फुटीसाठी थोडी जास्त आणा. जुनी घेताना छाप आणि माप जुळवून घ्या, वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं एकमेकांत नीट बसत नाहीत.

वाशाचं टोक भिंतीत कुजलं असेल, तर सगळा वासा बदलू नका. कुजका भाग कापून तिथे त्याच जातीचं सुकं लाकूड लांब तिरक्या सांध्याने जोडा आणि टोकाभोवती हवेसाठी बोटभर फट ठेवा.

प्रश्न: स्वच्छतागृह बाजूला स्वतंत्र बांधायचं आहे. परवानगी लागेल का? (मालवण तालुका)

उत्तर: हो. १८ जानेवारी २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेनुसार सीआरझेड-३ मधल्या, म्हणजे ग्रामीण किनाऱ्यावरच्या, ना-विकास क्षेत्रात अधिकृत जुन्या बांधकामाची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, पण चटई क्षेत्र आणि जोत्याचं क्षेत्र वाढवता येत नाही. म्हणून वेगळी खोली काढण्याआधी मागची पडवी पाहा. बहुतेक ठिकाणी दोन स्वच्छतागृहं तिथे बसतात. इमारत जुनी आणि अधिकृत असल्याचे कागद, म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, मालमत्ता पत्रक, जुनी परवानगी, आधी गोळा करा. मंजूर किनारा नकाशावर आपली जागा कुठे येते ते तपासूनच आराखडा काढा.

शोषखड्डा विहिरीपासून निदान १८ मीटर दूर हवा. पुळणीत त्याहून जास्त ठेवा, कारण वाळूतून पाणी लवकर झिरपतं. ऑगस्टमध्ये विहिरीची पातळी मोजा. खड्ड्याचा तळ त्या पातळीच्या बराच वर राहिला नाही, तर सांडपाणी जिरणारच नाही. हलकी प्लास्टिकची टाकी घेतलीत, तर पावसाळ्यात पूर्ण उपसू नका. भूजल वर आलं की रिकामी टाकी उचलली जाते आणि पाइप तुटतात.

प्रश्न: वायरिंग आणि ज्येष्ठांसाठी उतार? (गुहागर तालुका)

उत्तर: चिऱ्यात खाचा मारू नका, पीव्हीसी पाइप भिंतीवरूनच न्या. ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. उताराचं प्रमाण १:१२ ठेवा, म्हणजे दीड फूट जोत्याला १८ फूट लांबी. रुंदी चार फूट, दोन्ही बाजूंना कठडा. उतार जोत्याला चिकटवू नका, मध्ये फट ठेवा, नाहीतर पावसाचं पाणी तिथूनच भिंतीत मुरेल.