शब्दावर कर्सर नेण्याआधी

प्रश्न : मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जपानीच्या जेएलपीटी परीक्षेची एन-३ पातळी पास झाले आहे आणि पुढे अनुवादक व्हायचं आहे. शब्दावर कर्सर नेला की चौकटीत अर्थ दाखवणारं योमितान हे एक्स्टेन्शन ब्राउझरला लावून रोज जपानी बातम्या वाचते, तिथे फारसं अडत नाही. पण त्यापुढच्या एन-२चा छापील सराव पेपर समोर आला की एरवी रोज दिसणारी कांजी लिपीतली अक्षरंसुद्धा ओळखता येत नाहीत. सर म्हणतात, ते एक्स्टेन्शन आधी काढून टाक. काढू का?

उत्तर : काढू नकोस. तू रोज खरंखुरं जपानी वाचतेस, ही तुझी सर्वांत मोठी जमेची बाजू आहे आणि ती या साधनामुळेच शक्य झाली आहे. जपानीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, कांजीकडे पाहून उच्चार कळेलच असंही नाही. कागदी कोशात असा शब्द शोधायचा म्हणजे आधी त्याचं मूळ अंग ओळखायचं, रेघा मोजायच्या आणि मग पान गाठायचं. एका बातमीत संध्याकाळ जायची. जिम ब्रीन यांनी १९९१मध्ये सुरू केलेल्या कोशाच्या कामातून 'जेएमडिक्ट' उभा राहिला आणि असल्या अनेक एक्स्टेन्शनना हाच कोश शब्द पुरवतो. त्याचा फायदा घेण्यात कसलाही कमीपणा नाही.

पण सरांना दिसलेली अडचण खरी आहे. तुझी नजर कांजीवर टेकण्याआधीच चौकटीतल्या इंग्रजी अर्थावर जाते. मग कांजीचा आकार लक्षात राहणार कसा?

एक उदाहरण घे. 'जाणे'चा भूतकाळ 'इत्ता' आणि 'पार पाडणे'चा भूतकाळ 'ओकोनात्ता' हे दोन्ही कांजीत अगदी सारखेच लिहिले जातात. एक्स्टेन्शन दोन्ही क्रियापदं तुझ्यापुढे ठेवेल, पण निवड तुलाच करावी लागेल. मागे 'तपासणी' आणि त्याला 'ओ' हा प्रत्यय लागलेला असेल, तर तपासणी पार पाडली. स्थळाचं नाव आणि 'नि' किंवा 'ए' असेल, तर बहुतेक वेळा तिथे कोणीतरी गेलं. अनुवादकाला मोबदला मिळतो तो या निवडीचा. चौकटीतली पहिली ओळ उचलून पुढे जायची सवय लागली, तर हे कौशल्य तयारच होत नाही.

म्हणून क्रम बदल. योमितान शिफ्ट दाबल्यावरच चौकट उघडेल असं ठेवता येतं, तसं ठेव. वाक्य शेवटपर्यंत वाच, अडलेल्या शब्दाचा उच्चार आणि अर्थ मनात ठरव आणि मगच शिफ्ट दाब. अंदाज चुकला तरी हरकत नाही. अंदाज करून मग तपासलेला शब्द नुसत्या पाहिलेल्या शब्दापेक्षा चांगला टिकतो. दुसऱ्या दिवशी त्याच बातमीची छापील प्रत घेऊन बस. सुरुवातीला फार हळू जाईल, तरी सोडू नकोस. एका क्लिकवर आंकी या उजळणीच्या ॲपमध्ये कार्ड करता येतं म्हणून प्रत्येक शब्द तिथे ढकलू नकोस. ढीग साचतो आणि उजळणी बंद पडते. दोन वेगवेगळ्या बातम्यांत भेटलेलाच शब्द घे आणि तोही वाक्यासकट.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. चौकटीतला अर्थ इंग्रजीत असतो, त्यामुळे नकळत तू जपानी वाक्य इंग्रजीच्या क्रमाने लावायला लागतेस. वास्तविक क्रियापद शेवटी येणं, नामाच्या शेवटी प्रत्यय लागणं हे सगळं मराठीत आहेच. कर्ता, कर्म, क्रियापद हा क्रमही तोच. अर्थ मनात मराठीत मांड, लांबलचक वाक्यंसुद्धा कितीतरी सहज उलगडतील.

आता नोकरीचं. कामाच्या ठिकाणी हे साधन हाताशी असेलच असं धरून चालू नकोस. अशा एक्स्टेन्शनला तू उघडलेल्या पानांवरचा मजकूर वाचायची परवानगी द्यावी लागते, त्यामुळे गोपनीय कागदपत्रं हाताळणाऱ्या कंपन्या कदाचित ते बसवू देणार नाहीत. शिवाय मजकूर एक्सेलमध्ये किंवा स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये आला, तर ब्राउझरमधली ही सोय तिथे पोचतच नाही. दुसरं म्हणजे जेएलपीटीत सगळे प्रश्न पर्याय निवडायचे असतात, अनुवाद एका ओळीचाही करावा लागत नाही. तेव्हा दर आठवड्याला एका परिच्छेदाचा लेखी मराठी अनुवाद कर आणि तो सरांकडून तपासून घे. पहिलं काम मागायला जाशील तेव्हा प्रमाणपत्राबरोबर यातले चांगले नमुने दाखवता येतील.

परीक्षा जुलैत द्यायची की डिसेंबरात, हे अर्ज भरण्याआधी असं ठरव : एन-२चा भाषाज्ञान आणि वाचनाचा पेपर १०५ मिनिटांचा असतो. तो छापील स्वरूपात, घड्याळ लावून, एका बैठकीत सोडव. वाचनाचे उतारे शेवटपर्यंत पुरे झाले तर जवळची तारीख घे. उतारे अर्धे राहिले, तर पुढची.